नवं तंत्रज्ञान आणि आपला खान्देश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातबारा, पीक पाहणी, आधार, रेशन, विमा अशा कामांसाठी आमच्या सेवा केंद्रावर दिवसभर माणसं येतात. साईट चालू होईपर्यंत बसावं लागतं, मग बोलणं निघतं, आणि हल्ली ते बोलणं फिरून फिरून मोबाईल, एआय, ड्रोन, सोलर यांवरच येतं. सारखे विचारले जाणारे प्रश्न इथे लिहून काढले आहेत. नियम सांगितला आहे तिथे तो नियम आहे. बाकीचं माझं मत आहे, आणि ते पटलं नाही तर जरूर येऊन वाद घाला.

नवं काही निघालं की ते आधी मुंबई-पुण्याला. आपल्याकडे उरलंसुरलं येतं. मग आपण कशाला डोकं लावायचं?

हा समज खरा नाही. आधारचा देशातला पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. त्यासाठी खुद्द पंतप्रधान आले होते. ठिबक सिंचन आणि ऊतिसंवर्धित केळीची रोपं देशभरातल्या शेतकऱ्यांपर्यंत नेण्यात जळगावचा वाटा मोठा आहे. साक्री तालुक्यात महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला, आणि त्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. आज जगभर सॉफ्टवेअरची कामं घेणारी विप्रो १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली. अमळनेरच्या कितीतरी कुटुंबांकडे तिचे जुने शेअर आहेत.

म्हणजे नवं आपल्याकडे येतं, कधी कधी सगळ्यांच्या आधी येतं. आल्यावर त्याचा जाब कोण देणार, हे आपण विचारत नाही. टेंभलीला क्रमांक पहिला मिळाला, पण त्यानंतर पुढच्या वर्षांत जे पत्रकार तिथे गेले त्यांना लोकांनी रोजगाराचीच गाऱ्हाणी सांगितली. कार्ड हातात येणं आणि कार्डाने काम होणं यांत किती अंतर असतं, ते आपण त्या गावाकडून शिकायला हवं होतं.

एआय म्हणजे नेमकं काय? पलीकडे कुणी माणूस बसून उत्तरं देतो का?

नाही, पलीकडे माणूस नसतो. हा प्रश्न विचारायला लाजायचं कारण नाही, कारण ते बोलतंच माणसासारखं. चॅटजीपीटी नावाचं पहिलं गाजलेलं साधन ३० नोव्हेंबर २०२२ ला लोकांसाठी खुलं झालं, त्यानंतर तशी बरीच आली. या यंत्रांना अफाट मजकूर वाचायला दिलेला असतो. त्यावरून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, याचा हिशेब ती करतात आणि वाक्य जुळवतात. हिशेब इतका बारीक असतो की उत्तर बहुतेक वेळा नीट येतं. पण खरं काय नि खोटं काय हे यंत्राला आपल्यासारखं माहीत नसतं. म्हणून ते चुकतं तेव्हाही तितक्याच ठामपणे बोलतं. नसलेला शासन निर्णय, नसलेली तारीख, नसलेली योजना ते बेधडक सांगतं.

मी स्वतः ते रोज वापरतो. बँकेचं इंग्रजी पत्र आलं तर त्याचा अर्थ मराठीत समजून घ्यायला, तहसीलदारांना द्यायच्या अर्जाचा मसुदा करायला, पोराला गणिताची पायरी समजावायला ते चांगलं आहे. योजनेच्या अटी, शेवटची तारीख, औषधाचं प्रमाण, कोर्टकचेरीचा सल्ला या चार गोष्टींत मात्र त्याच्या शब्दावर पाऊल टाकू नका.

केळीच्या पानाचा फोटो टाकला की ॲप रोग सांगतं. त्यावर विसंबून फवारणी करावी का?

फोटोवरून करपा ओळखणं यंत्राला जमतं, कारण पानावरचे ठिपके-पट्टे उघड दिसतात आणि तसे हजारो फोटो त्याने पाहिलेले असतात. घोटाळा होतो तो हरण्यासारख्या रोगात. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला सांगायला नको, हरण्या ज्याने होतो तो कुकुंबर मोझॅक विषाणू मावा कीड पसरवते आणि लागण झालेल्या झाडाला औषध नाही. झाड उपटून नष्ट करावं लागतं. आता समजा ॲपने अन्नद्रव्याची कमतरता म्हणून सांगितलं आणि तुम्ही खत देत बसलात, तर तोवर मावा शेजारच्या ओळीत गेलेला असतो. उलट साध्या कमतरतेला विषाणू म्हटलं तर चांगली रोपं उपटली जातील. दोन्हीकडून भुर्दंड बागवाल्यालाच.

राज्याच्या कृषी विभागाचं महाविस्तार ॲप मराठीत आहे, ते घ्या. पण झाड उपटायच्या आधी एक माणूस बागेत आणा. जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, पालला आणि ममुराबादला कृषी विज्ञान केंद्र आहे, धुळ्याला आहे, नंदुरबारला कोळद्याला आहे. तिथला माणूस खोड चिरून बघतो, माती हातात घेतो, शेजारी काकडी-टमाटे आहेत का विचारतो. हे प्रश्न ॲपने विचारलेले मी अजून पाहिले नाहीत. शास्त्रज्ञ कमी आणि ॲप जास्त, अशी वेळ आणू देऊ नका. ॲप आलं म्हणून केंद्रातली पदं रिकामी ठेवली जात असतील तर ग्रामसभेत त्याबद्दल ठराव करा.

बीटी कपाशीने शेवटी फसवलंच ना? मग पुढच्या नव्या बियाण्यावर विश्वास का ठेवायचा?

या प्रश्नावर माझ्याकडे येणारी माणसं सगळ्यात तावातावाने बोलतात, आणि त्यांचा राग बरोबर आहे. कारण मात्र नीट समजून घेतलं पाहिजे, नाहीतर पुन्हा तेच होईल.

बीटी कपाशीला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. बियाण्यातच बोंडअळीला मारणारं प्रथिन तयार होत होतं, त्यामुळे सुरुवातीला हिरव्या अमेरिकन बोंडअळीवरच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या. उत्पन्नही वाढलं. ज्यांनी ती वर्षं पाहिली आहेत त्यांनी ती नाकारू नयेत. २००६ मध्ये दोन प्रथिनांचं बोलगार्ड दोन आलं. गुलाबी बोंडअळी मात्र हळूहळू या विषाला सरावत गेली. गुजरातेत पहिल्या वाणाला ती दाद देत नाही हे २०१० मध्ये कंपनीनेच मान्य केलं, आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रभर दोन प्रथिनांच्या कपाशीचीही बोंडं तिने पोखरली.

असं का झालं? कीड सरावू नये म्हणून एक उपाय नियमातच होता. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं साध्या कपाशीचं वेगळं पाकीट मिळायचं, ते बांधाकडेने लावायचं होतं. साध्या कपाशीवर वाढलेल्या अळ्यांना विषाची सवय नसते, त्यांचा संकर सरावलेल्यांशी झाला की सवय पातळ होत राहते. पण ते पाकीट का आहे हे फार थोड्यांना कुणी समजावलं. दुकानदाराने सांगितलं नाही, कंपनीने बारीक अक्षरात छापलं, कृषी सहायकाकडे गावं इतकी की तो शेतावर पोहोचला नाही. पाकिटं बांधावर फेकली गेली. भर म्हणून आपल्या बागायती पट्ट्यात मे महिन्यातच लागवड आणि मागे पाणी असलं की जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत फरदड, म्हणजे वेचणीनंतरही तीच कपाशी पाणी देऊन उभी ठेवायची. गुलाबी अळी कपाशीवरच जगते. तिला वर्षभर खायला मिळालं.

म्हणून मी बीटीला फसवणूक म्हणत नाही. बियाणं विकणाऱ्याने किंमत घेतली, ते टिकवण्याची जबाबदारी कुणीच घेतली नाही, आणि नुकसान एकट्या शेतकऱ्याच्या अंगावर पडलं. आता तणनाशक सहन करणारं चोरबीटी बियाणं लपूनछपून विकलं जातं. त्याला परवानगी नाही, पक्कं बिल मिळत नाही, उगवलं नाही तर तक्रार कुणाविरुद्ध करणार? निंदणीची मजुरी परवडत नाही हे दुखणं खरं आहे, ते मला मान्य आहे. तरीही ज्या मालाचं बिल नाही तो शेतात नेऊ नका. नव्या बियाण्याबद्दल तीन गोष्टी आधी विचारा. कीड किंवा तण सरावू नये म्हणून काय करायचं, ते करायला खर्च किती, आणि बिघडलं तर भरपाई कोण देणार.

ड्रोनने फवारणी सुरू झाली तर सालदार आणि रोजंदारीवाल्यांनी कुठे जायचं?

फवारणीचं काम गेलं तर मला दुःख होणार नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी-मजुरांचा जीव गेला. डोक्यापेक्षा उंच पऱ्हाटीत, घामाच्या अंगाने, तोंडाला रुमाल बांधून पाठीवरचा पंप मारणं हे माणसाने करायचं कामच नव्हे. दहा लिटरचा ड्रोन एक एकर साधारण दहा मिनिटांत आटोपतो आणि फवारणारा बांधावर उभा असतो.

प्रश्न मजुरी कुणाच्या घरात जाते हा आहे. ड्रोनवाला शहरातून येऊन पैसे घेऊन गेला, तर गावातला एक रोज कायमचा कमी झाला. केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटांना ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये साहाय्य ठरवलं होतं, एका सदस्येला प्रशिक्षण होतं. हा रस्ता मला योग्य वाटतो. यंत्र गावातल्या बायकांच्या मालकीचं असलं तर भाडं गावात फिरतं. अडचणी आहेत. बॅटरी लवकर उतरते, दुरुस्तीला यंत्र दूर पाठवावं लागतं, वाऱ्यात औषध शेजारच्या वावरात उडतं. शेजारी भाजीपाला किंवा मधमाश्यांच्या पेट्या असतील तर आधी सांगून ठेवा.

वेचणीचं काम मात्र इतक्यात यंत्राकडे जाणार नाही. आपल्याकडे एकाच झाडाची बोंडं तीन-चार वेळा फुटतात, यंत्राला सगळी एकदम फुटलेली लागतात. सघन, म्हणजे झाडं जवळजवळ लावायच्या लागवडीचे प्रयोग चालू आहेत, त्यावर लक्ष ठेवा. धडगाव-अक्कलकुव्याची जी कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातकडे ऊसतोडीला जातात, त्यांच्यापुढे हाच प्रश्न ऊस तोडणाऱ्या हार्वेस्टर यंत्राच्या रूपाने आत्ताच उभा आहे. त्यांच्यासाठी कुणी योजना आखलेली मला दिसत नाही, आणि हे मला फार खटकतं.

सोलर पंप घ्यावा का?

रात्री दोनला उठून, बॅटरी घेऊन, साप-बिबट्याच्या भीतीत मोटर चालू करायला जाण्यापेक्षा दिवसा पाणी देता येणं हे फार मोठं सुख आहे. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के रक्कम भरावी लागते. जमिनीनुसार ३, ५ किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो.

पाणी वर असेल तर बिनधास्त घ्या. यावल-रावेरच्या खोल बोअरवाल्यांनी मात्र आधी खोली आणि पंपाची ताकद जुळते का ते बघावं, नाहीतर दुपारी बारा ते तीनच धार लागेल. आणखी एक चिंता कुणी बोलत नाही. लाईटचं बिल नाही, लोडशेडिंग नाही, म्हणजे पाणी उपसायला कसलीच आडकाठी उरत नाही. ज्या पट्ट्यात भूजल आधीच अतिशोषित आहे तिथे हे यंत्र विहिरी लवकर कोरड्या करू शकतं. तापी खोऱ्यात पाणी जमिनीत मुरवण्याच्या महापुनर्भरण प्रकल्पाचा करार मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात झाला. ते पाणी जमिनीत मुरेपर्यंत ठिबकशिवाय सोलर लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

हवामान केंद्राच्या आकड्यावरून विमा मिळतो. वादळाने माझी बाग झोपली, पण केंद्रात वारा नोंदलाच नाही. आता काय?

महावेध प्रकल्पात राज्यात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं महसूल मंडळांप्रमाणे उभी केली आहेत. केळीच्या फळपीक विम्यात थंडी, उष्णता आणि वाऱ्याचा वेग यांचे आकडे ठरलेले असतात. केंद्राने तो आकडा गाठला तर भरपाई. त्यात पंचनाम्याची वशिलेबाजी नाही, म्हणून कल्पना चांगली आहे. पण मे-जूनचं वादळ पट्ट्या-पट्ट्याने जातं. चार-पाच किलोमीटरवर पान हलत नाही आणि इथे घडांसकट बाग आडवी. थंडी मोजायला एक केंद्र पुरेल, वारा मोजायला पुरत नाही.

गारपीट झाली तर ७२ तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे. वाऱ्याच्या नुकसानीचंही त्याच मुदतीत लेखी कळवून ठेवा. तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा, आणि शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून अर्ज द्या. एकट्याचा अर्ज मागे पडतो. माझी मागणी अशी की प्रत्येक मंडळातल्या केंद्राचा रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिला जावा. ज्या आकड्यावर माझी भरपाई ठरते तो मला वेळेवर दिसलाच पाहिजे.

ग्रुपवर आलेलं पाठवतात आणि अहिराणीत विचारतात, "हाई खरं शे का?" (हे खरं आहे का?) कसं ओळखायचं?

१ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी पाच माणसं तिथे आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाईलवरून फिरत होते. जमावाने त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. ते निरपराध होते.

हे दुसऱ्या राज्यात घडलेलं नाही, आपल्या जिल्ह्यात घडलं आहे. त्याच महिन्यात वॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे २०२० मध्ये, खूप वेळा पुढे ढकललेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. अशा संदेशावर दुहेरी बाण दिसतो. तो दिसला की थांबा.

मी एवढंच बघतो. गावाचं नाव, तारीख आणि स्वतः पाहणाऱ्या माणसाचं नाव आहे का? पाठवणाऱ्याला फोन करून विचारतो, "तू पाहिलं का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "नाही, मलाही आलं." मग ते माझ्याकडेच राहतं. आता तर एआयने बनवलेला व्हिडिओ आणि नक्कल केलेला आवाज येतो, त्यामुळे "व्हिडिओ आहे म्हणजे खरंच" हेही गेलं. माणसांविरुद्ध चिथावणारं काही आलं तर पोलीस ठाण्याला कळवा. ग्रुपचा ॲडमिन गावातला मानाचा माणूस असतो, आप्पा असतो, नाना असतो. त्याने एकदा स्पष्ट बोललं की ग्रुप सुधारतो, हे मी पाहिलं आहे.

सीबीआयचा फोन आला, व्हिडिओवर वर्दीतला माणूस होता, "डिजिटल अटक" झाली म्हणाला.

अशी अटक कायद्यात नाहीच. फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा, जितक्या लवकर लावाल तितकी रक्कम खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. लग्नपत्रिका, चलान, पीएम किसानची यादी अशा नावाने आलेली एपीके फाईल, म्हणजे मोबाईलमध्ये ॲप बसवणारी फाईल, उघडू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. हे घरातल्या म्हाताऱ्यांना आणि नव्याने फोन घेतलेल्या पोरांनाही सांगा. आणि फसलेल्या माणसाला शिव्या घालू नका, तो पुढच्या वेळी लपवेल.

आता रोख पैसे बंद होणार का?

नाही. नोट कायदेशीर चलन आहे. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि भाजीबाजारातल्या मावशीलाही सुट्ट्याच्या कटकटीतून सोडवलं, ते चांगलंच झालं. पण "फक्त ऑनलाईन" अशी पाटी लावून कुणी म्हाताऱ्या माणसाला परत पाठवत असेल तर मला ते अन्यायाचं वाटतं.

रेशनच्या मशीनवर आजीचा अंगठा उमटत नाही. धान्य मिळेल की नाही?

मिळालं पाहिजे. आयुष्यभर निंदणी-वेचणी, भांडी, शेण केलेल्या हातांच्या रेषा झिजतात. यात आजीचा काय दोष? डोळ्यांची खूण, ओटीपी असे पर्याय आहेत. ते चालले नाहीत तरी केवळ अंगठा जुळला नाही म्हणून पात्र माणसाचं धान्य नाकारू नये, अशा सूचना केंद्राच्या अन्न विभागाने २०१७ मध्येच राज्यांना दिल्या आहेत. आधार वैध ठरवणाऱ्या २०१८ च्या निकालातही सर्वोच्च न्यायालयाने हीच काळजी घ्यायला सांगितलं. दुकानदार नाही म्हणाला तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या. सातपुड्यात, तोरणमाळ-मोलगीच्या पाड्यांवर तर अडचण रेंजची आहे. लोक मशीन घेऊन टेकडीवर चढतात. ज्या गावात नेटवर्क पोहोचवता आलं नाही, त्या गावाला ऑनलाईनची सक्ती करण्याचा हक्क शासनाला नाही, असं मी मानतो.

मोबाईलने पोरं बिघडली. "पोरे बिघडी ग्यात" हे खरं आहे ना?

अर्धं खरं आहे. रात्री एक वाजेपर्यंत रील बघणारं पोर सकाळी वर्गात झोपतं, हे शिक्षक सांगतात. रील संपूच नये अशीच ती रचना असते, मोठमोठी डोकी त्यासाठी पगार घेतात. त्यांच्यासमोर बारा वर्षांच्या पोराची इच्छाशक्ती काय टिकणार? म्हणून "पोरात दम नाही" हे बोलणं मला पटत नाही. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांची खाती बंद करणारा कायदा केला आणि तो १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने त्याच्या आधीच, २०२२ मध्ये, संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. मला दुसरा उपाय जास्त आवडतो, कारण त्यात मोठ्यांचाही मोबाईल बंद असतो. बाप ओट्यावर बसून रील बघतो आणि पोराला अभ्यासाला बस म्हणतो, तिथे कुठलाही कायदा चालायचा नाही.

मुलीला मोबाईल द्यावा का?

द्यावा. मुलाला दिला असेल तर मुलीलाही द्यावा, त्याच वयात, त्याच नियमांनी. आमच्याकडे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला मुली येतात. ओटीपी बापाच्या किंवा भावाच्या नंबरवर, तो वावरात, फोन लागत नाही, तारीख निघून जाते. मुलगा स्वतः अर्ज भरून मोकळा होतो. फोन दिल्याने मुलगी बिघडेल ही भीती बोलून दाखवणारे पुष्कळ भेटतात. फोन न दिल्याने तिची शिष्यवृत्ती बुडाली, हे कुणी चावडीवर बोलत नाही.

तिचा फोटो कुणी बनावट करून पसरवला तर तो गुन्हा पसरवणाऱ्याचा आहे. फोन काढून घेणं ही शिक्षा त्या मुलीला होते. तिला पहिल्यांदा आईलाच सांगता येईल, एवढं घर मोकळं ठेवा. संदेशांचे फोटो जपून ठेवा आणि सायबर पोलिसांत तक्रार द्या. फक्त तेवढ्या कारणावरून घाईने लग्न ठरवलेलं मी पाहिलं आहे. कृपा करून असं करू नका.

एआय नोकऱ्या खाणार असेल तर पोराला काय शिकवायचं?

खात्रीने कुणीच सांगू शकत नाही, आणि जो खात्रीने सांगून क्लासची फी मागतो त्याच्यापासून दूर राहा. मला दिसतं ते एवढं : नुसतं टायपिंग, नुसता डेटा भरणं, ठराविक पत्रं लिहिणं ही कामं आकसतील. माझं स्वतःचं काउंटरही त्यात येतं. सोलर बसवणारा, ड्रोन आणि मोटर दुरुस्त करणारा, शीतगृह सांभाळणारा, नर्स, विजेचं काम जाणणारा यांची गरज आपल्या तालुक्यात वाढते आहे आणि माणसं मिळत नाहीत. आयटीआयला कमी लेखणं आता थांबवा. पंचविशी उलटेपर्यंत एकाच स्पर्धा परीक्षेवर सगळं लावून बसलेल्या पोरांची मला जास्त काळजी वाटते.

आपली अहिराणी या यंत्रांना कळते का?

थोडी. २०११ च्या जनगणनेत खान्देशी या नोंदीखाली, ज्यात अहिराणीही येते, सुमारे १८ लाख ६० हजार लोक आहेत, पण यंत्रं लिहिलेल्या मजकुरावर शिकतात आणि आपण अहिराणी बोलतो, लिहीत नाही. त्यामुळे विचारलं अहिराणीत तर उत्तर येतं पुस्तकी मराठीत, किंवा "शे" आणि "से" यांची भलतीच सरमिसळ होते. भिली, पावरी यांचं तर आणखी कठीण. केंद्राचा भाषिणी प्रकल्प २०२२ पासून भारतीय भाषांवर काम करतो, पण त्याचा भर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांवर आहे आणि अहिराणी त्यात नाही.

याचा परिणाम साधा नाही. आजीला दवाखान्याचं ॲप आवाजावर चालवायचं असेल तर तिला आधी तिची बोली सोडावी लागते. दुसरीकडे, अहिराणी गाणी आणि विनोदी व्हिडिओ यूट्यूबवर इतके चालतात की लग्नाच्या वरातीत तीच वाजतात. म्हणजे पोरांना भाषेची लाज नाही. मग कानबाईची गाणी, आखाजीची गाणी, म्हणी, पिकांची-किडींची-भांड्यांची नावं घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून रेकॉर्ड करा आणि लिहून काढा. विद्यापीठाने आणि कॉलेजांनी हे काम हातात घ्यावं. आणि गोळा केलेला साठा कुणाच्या मालकीचा राहणार, हे सुरुवातीलाच कागदावर ठरवावं.

मशीनने "अपात्र" दाखवलं. काउंटरवरचा म्हणतो, सिस्टीम घेत नाही. दाद कुठे मागायची?

"सिस्टीम घेत नाही" हे कारण होऊ शकत नाही. अपात्र ठरवलं तर कोणत्या अटीमुळे, हे लेखी मागा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी ठरलेला आहे. सेवा नाकारली किंवा मुदत गेली तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग सेवा हक्क आयोगाकडे तिसरं. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. सेवा त्या यादीत नसेल तर माहितीचा अधिकार आहे, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

आमच्यासारख्या केंद्रावर अर्ज भरलात तर पावती मागून घ्या, त्यावरचा अर्ज क्रमांक आणि तारीख तपासा. पडद्यावर जे काही लाल अक्षरात दिसेल त्याचा फोटो काढून ठेवा. केंद्रवाला पावती द्यायला कुरकुर करत असेल, मग तो मी का असेना, तर त्याचीही तक्रार करा.